फणी आधी खाली ठेवा

पत्र : "मी मूळची साताऱ्याची, गेली नऊ वर्षं नैरोबीत आहे. नवरा केनियातल्याच किसुमूकडचा, लुओ समाजातला. लेक सहा वर्षांची. तिचे केस बापावर गेलेत, अगदी बारीक आणि घट्ट कुरळे. रोज सकाळी शाळेच्या आधी मी खोबरेल लावते, फणीने विंचरते आणि दोन घट्ट वेण्या घालते. रोज रडारड. एवढं करूनही केस चार बोटांच्या पुढे जात नाहीत. सासूबाई म्हणतात, कापून टाक, इथल्या कितीतरी शाळकरी मुलींचे बारीकच असतात. साताऱ्याची मावशी म्हणते, पुन्हा एकदा जावळ काढ, दाट येतील. नाहीतर पार्लरमध्ये नेऊन सरळ करून आण. एक मैत्रीण चाडमधली चेबे पावडर आण म्हणते. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामेभावंडांनी लेकीच्या केसांत पेन्सिल खोचली. ती पडली नाही म्हणून सगळे हसले, तीही हसली. रात्री मला विचारते, 'आई, माझी वेणी तुझ्यासारखी लांब कधी होणार?' मी काय सांगू? आणि वाढायला नक्की लावू तरी काय?"
— एक सातारकर, नैरोबी

तुमचं पत्र वाचलं आणि मला माझाच फणी धरलेला हात आठवला.

आम्ही काही वर्षं टांझानियात, दार-ए-सलामला होतो. शेजारणीला अचानक म्वांझाला जावं लागलं आणि तिची आठ वर्षांची मुलगी दहा दिवस आमच्याकडे राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या वेण्या सुटल्या. मी दोन मुलींचे केस वाढवलेली बाई, मला कसली चिंता! खोबरेल थापलं, आपली नेहमीची फणी घेतली आणि टाळूपासून खाली ओढली. फणीचे तीन दात गेले. मांडीवरच्या टॉवेलवर केसांचे इवले इवले तुकडे पडले होते, स्वल्पविरामासारखे. मुलगी रडली नाही, फक्त माझा गुडघा घट्ट धरून बसली. ते बघून मीच उठले आणि तिला कोपऱ्यावरच्या म्सुसीकडे, म्हणजे केस विणणाऱ्या बाईकडे, घेऊन गेले. तिने आधी माझ्या हातातली फणी काढून स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. मग "पोले पोले, मामा" म्हणाली. तिकडे प्रत्येक बाईला मामाच म्हणतात. पोले पोले, म्हणजे हळूहळू. पुढचा पाऊण तास तिने फक्त पाण्याची फवाऱ्याची बाटली, मूठभर कंडिशनर आणि दहा बोटं वापरली. सुरुवात टोकापासून, टाळूपासून नाही.

ते स्वल्पविराम तुमच्याही फरशीवर असणार. उद्या विंचरल्यावर केस झाडून टाकू नका, पांढऱ्या कागदावर पसरून बघा. ज्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे तो मुळापासून आपोआप गळलेला, त्याची काळजी नाही. ज्याला ठिपका नाही आणि जो आखूड आहे, तो मधूनच तुटलेला. तुमच्या कागदावर दुसऱ्या प्रकारचे जास्त निघतील, असं मी आत्ताच लिहून देते.

म्हणजे केस वाढत नाहीत हे खरं नाही. असे केस महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतात. आपल्या सरळ केसांपेक्षा थोडे हळू, पण वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटर होतातच. सहा वर्षांचा ढोबळ हिशेब केला तर अर्धा मीटर केस टाळूतून बाहेर आलाय. तो गेला कुठे? थोडा गळला, बराचसा फणीत गेला. तेव्हा 'वाढायला काय लावू' हा प्रश्न सोडा. टिकवायचं कसं, तेवढंच बघायचं.

यात चूक तुमच्या मायेची नाही, केसाच्या घडणीची माहिती नसण्याची आहे. तुमच्या-माझ्या केसाचा आडवा छेद जवळजवळ गोल असतो. तिच्या केसाचा चपटा, लंबगोल. आणि टाळूतलं मूळच वाकडं, त्यामुळे केस बाहेर पडतानाच पीळ घेऊन येतो. प्रत्येक वळण ही एक कच्ची जागा, तिथे ताण पडला की तुटतो. दुसरं म्हणजे टाळूचं तेल. आपल्या केसांवरून ते घसरगुंडीसारखं खाली येतं, म्हणून दोन दिवसांत आपले केस चिपचिपीत होतात. तिच्या केसाला गोल जिन्याची शंभर वळणं उतरायची असतात, तेल शेंड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून हे केस दिसायला राठ, दणकट वाटतात आणि असतात भलतेच नाजूक. आपण नेमकं उलटं धरून चालतो आणि जोर लावतो.

आणि ती चार बोटं तरी खरी आहेत का? हे केस वाळले की आखडतात, कधी कधी खऱ्या लांबीच्या पाव हिश्श्याएवढेच दिसतात. मानेजवळची एक बट ओली करून हलक्या हाताने ताणा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. आकडा वहीत लिहा. कदाचित तिथेच तुम्हाला पहिला आनंद होईल.

आता काय करायचं ते सांगते. रोज विंचरणं उद्यापासून बंद. अजिबात नाही. गुंता काढायचा आठवड्यातून एकदा, शनिवारी, आणि तोही केस ओले आणि कंडिशनरने बुळबुळीत असताना. कोरड्या केसाला फणी लावायचीच नाही, हे एवढं जरी पाळलंत तरी निम्मं काम झालं.

शनिवार असा. आदल्या रात्री किंवा धुण्याआधी अर्धा तास खोबरेल लावा. होय, तेच आपलं खोबरेल. मुंबईतल्या एका कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. बाकीच्या दोघांना ते जमलं नाही. म्हणजे तुमचं तेल बरोबर, वेळ चुकली. ते धुण्याआधी लावायचं, शाळेत जाताना नाही. कारण तेल म्हणजे पाणी नव्हे. कोरड्या केसावर तेल लावलं की केस कोरडाच राहतो, फक्त चमकतो. आणि टाळूवर रोज थापलेलं तेल कोंड्याला आमंत्रण; कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसली जाते.

मग केसांचे सहा-आठ भाग करून प्रत्येकाला चिमटा लावा. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. डोक्यावर सगळे केस गोळा करून खसाखसा चोळणं, जे आपण न्हाणीघरात लहानपणापासून करत आलोय, ते इथे चालणार नाही. त्याचा गोळा होतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. शिकेकाईसुद्धा नको. तिचे कण या वळणांत अडकून बसतात आणि काढता काढता तुम्हीच रडाल. धुवायचं आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, त्याहून जास्त नाही.

शाम्पू निघाला की कंडिशनर. किती? तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट. चिंचोक्याएवढं नाही, वाटीभर. एक भाग सोडायचा, आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवायच्या, मग रुंद दातांचा कंगवा. कंगवा शेवटच्या दोन सेंटीमीटरमध्ये घाला, तो मोकळा गेला की थोडं वर, मग अजून थोडं वर. दुसऱ्या हाताने ती बट टाळूजवळ मुठीत धरा, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. रडारडीचं मुख्य कारण ही ओढच असते. लांब आणि विरळ दातांचे असे कंगवे आफ्रिकेत साडेपाच हजार वर्षांहून जुने सापडलेत. २०१३ साली केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शनच भरवलं होतं. लेकीला त्या कंगव्यांचे फोटो दाखवा. काहींच्या मुठीवर पक्षी आणि प्राणी कोरलेले आहेत, सहा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरे.

धुतल्यावर पंचाने घासू नका, जुन्या सुती टी-शर्टने टिपा. केस ओलसर असतानाच न धुता ठेवायचं कंडिशनर, त्यावर थोडं तेल आणि शेवटी शिया बटरसारखं काही घट्ट, हा क्रम. आधी पाणी, मग त्यावर झाकण. नैरोबी पंधराशे मीटरच्याही वर आहे, हवा कोरडी. पाणी उडून जायला वेळ लागत नाही. शिया बटर तळहातावर पातळ होईपर्यंत चोळा, नाहीतर केसांत पांढरे खडे राहतात. बाटल्यांवर ४ए, ४बी, ४सी असं काही लिहिलेलं दिसेल. ही केसांच्या कुरळेपणाची वर्गवारी अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात सुरू केली, 'सी' नंतर लोकांनी जोडला. एकाच डोक्यावर तीन प्रकार असू शकतात, त्यात अडकून पडू नका.

याला दीड तास जाईल. पहिल्या शनिवारी दोन. कार्टून लावून द्या, खाऊ द्या, मधे एकदा उठू द्या. तिला तुमच्या दोन गुडघ्यांमध्ये खाली पाटावर बसवा, तुम्ही वर खुर्चीत.

आठवडाभरासाठी दोन पेडांचे पीळ घाला, आठ किंवा दहा. तिपेडी वेणीपेक्षा ते सोपे, आणि सोडताना कमी तुटतं. सकाळी फक्त फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून दोनदा शिंपडा, हाताने दाबा, झालं. शाळेच्या बसच्या आधी पाच मिनिटं. केस थोडे लांब, सैल दिसायला हवे असतील तर काळ्या दोऱ्याने बट गुंडाळायची जुनी रीत आहे, नायजेरियातले योरुबा लोक तिला इरुन किको म्हणतात. रात्री गुंडाळा, सकाळी सोडा, इस्त्रीशिवाय केस ताणले जातात. रात्री सुती उशी नको, सुती कापड ओल शोषतं आणि केस घासले जातात. सॅटिनची टोपी मिळते, पण मुली झोपेत ती फेकून देतात, त्यापेक्षा उशीला सॅटिनचा अभ्राच शिवा. कपाटात कुणीतरी आहेरात दिलेली, तुम्ही कधीच न नेसलेली एखादी गुळगुळीत सिंथेटिक साडी असेलच.

आता तुमच्या त्या 'दोन घट्ट वेण्या'. हे वाचून मी खरोखर थांबले. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस बारकाईने बघा. तिथे बारीक फोड, लालसरपणा, किंवा विरळ पट्टा दिसतोय का? सतत ओढ बसली की मुळं दमतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर तिथे कायमचं टक्कल पडतं. विणल्यावर पोर म्हणाली "दुखतंय", तर लगेच सोडायचं, "दोन दिवसांनी सैल होईल" असं म्हणायचं नाही. हे पार्लरमध्येही बजावून सांगा. खोट्या केसांचं, म्हणजे आपल्या भाषेत गंगावनाचं, लांबलचक विणकाम सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर नकोच; नाकापेक्षा मोती जड. (गंगावनाचं आपल्याशी नातंही मजेशीर आहे. आफ्रिकाभर विकल्या जाणाऱ्या 'डार्लिंग' या गंगावनाच्या कंपनीत विक्रोळीच्या गोदरेजने २०११ साली मोठा हिस्सा घेतला होता.)

टाळूवर गोल चट्टे, खपल्या, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसले तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. मुलांमध्ये डोक्याचा नायटा बराच आढळतो, आणि तो नुसत्या मलमाने जात नाही, पोटात गोळ्या लागतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

चेबे. चाडमधल्या बासारा अरब बायका क्रोटनच्या बिया, लवंग वगैरे भाजून-कुटून ही पूड करतात, तेलात कालवून केसांच्या लांबीला लावतात आणि विणून ठेवतात. टाळूला नाही. त्यांचे केस कंबरेपर्यंत येतात ते तुटत नाहीत म्हणून, पुडीने मुळातून जास्त उगवतात म्हणून नाही. म्हणजे त्या बायकाही मी वर सांगितलं तेच करतायत: ओल धरून ठेवायची आणि केसाला हात लावायचा नाही. पूड महाग, वास उग्र, धुताना वैताग. मी तुमच्या जागी असते तर आणली नसती.

जावळ पुन्हा काढल्याने केस दाट येत नाहीत. वस्तऱ्याला मुळाचा पत्ताच नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, इतकंच.

केस सरळ करण्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. रिलॅक्सरमध्ये, म्हणजे पार्लरमधल्या केस सरळ करायच्या मलमात, सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी साफ करायच्या पावडरीतला. 'नो-लाय', म्हणजे कॉस्टिक सोड्याशिवाय, असं लिहिलेल्या डब्यात दुसरे क्षार असतात, पण काम तेच: केसाचे आतले बंध तोडणं. टाळू भाजते. शिवाय तो एकदाचा नसतो, मूळ वाढलं की दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ३३ हजारांहून जास्त स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेतला आणि २०२२ साली निष्कर्ष छापले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के. रसायनानेच कर्करोग झाला असं यावरून सिद्ध होत नाही, पण सहा वर्षांच्या मुलीला या रांगेत उभं करायला मला हे पुरेसं कारण वाटत नाही की मावशींना तिचे केस सरळ हवेत.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी पोरी वाढवल्यात, कामं केलीत, शाळेच्या नियमात बसवलंय. बारीक केस ही तिथे शिक्षा नाही, सोय आहे, आणि काही मुलींना ते फार छान दिसतात. लेकीला विचारा तिला हवेत का. नको म्हणाली तर सासूबाईंना कापायला नाही, विणायला बसवा. तुमच्या पत्रात सगळ्यांनी सल्ले दिलेत, पण शिकवायला कुणीच बसलेलं दिसत नाही. किसुमूला गेलात की आजी आणि आत्या कसे हात चालवतात ते शेजारी बसून बघा. नैरोबीत म्सुसीकडे लेकीला सोडून बाजारात जाऊ नका, तिथेच स्टूल ओढून बसा. आणि नवऱ्यालाही एक शनिवार द्या. केस त्याच्यावरून आलेत ना?

ती पेन्सिल. साताऱ्याच्या पोरांना काही ठाऊक नव्हतं, हे मला समजतं. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर माणसाचा वंश ठरवताना सरकारी लोक केसांत पेन्सिल खोचायचे. खाली पडली तर एक शिक्का, अडकली तर दुसरा. कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, हे त्या शिक्क्यावर. एकाच घरातल्या माणसांना वेगवेगळे शिक्के मिळालेत. पोरांना हे सांगू नका, लहान आहेत. त्यांच्या आयांना फोन करून सांगा, शांतपणे, आणि पुढच्या वेळी हा खेळ होणार नाही एवढं त्यांच्याकडून घ्या. आणि लेक हसली म्हणून तिला लागलं नाही, असं समजू नका. तो प्रश्न रात्री आलाय.

त्या प्रश्नाला "होईल हं, लवकरच" असं उत्तर देऊ नका. नाही होणार. तिचे केस लांब होतील, पण तुमच्यासारखे पाठीवर लोळणार नाहीत, आणि चार वर्षांनी तिला कळेल की आईने थाप मारली. खरं सांगा: "माझी वेणी खाली पडते, तुझे केस वर उभे राहतात. मला अंबाड्याला बारा आकडे लागतात, तुला एकही नाही." तिच्यासमोर करून दाखवा. तुमचा अंबाडा घाला आणि आकडे काढून घ्या. मग तिचे केस वर गोळा करा, एक सैल पट्टा लावा आणि तिला उड्या मारायला सांगा. आरसा समोर ठेवा.

आणि पुढच्या दिवाळीला निघण्याच्या आदल्या शनिवारी पीळ पक्के, बारीक घालून न्या, तीन आठवडे टिकतील असे. रुंद दातांचा कंगवा आणि कंडिशनरची मोठी बाटली बॅगेत तळाला. आजी दारातच विचारेल, "अगं, ही जट आली की काय?" आपल्याकडे जट म्हटलं की लगेच देवी आठवते आणि आवाज बारीक होतो. तेव्हा त्याच पावली एक पीळ तिच्या हातात द्या आणि सोडायला सांगा. दोन पेड मोकळे झाले की परत घालायलाही तिलाच बसवा. मावशी तेवढ्यात फणी घेऊन येईल. ती तुम्ही तुमच्या केसांना घ्या.